मानपानाऐवजी देणगी

लग्नात मिळालेल्या टॉवेलने अंग पुसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तो टॉवेल पाणी टिपत नाही, पाणी नुसतं इकडून तिकडे सरकवतो. त्याच्यासोबत मिळणारी टोपी एक तर कानावर येते, नाही तर टाळूवर तरंगते. आणि बायकांना मिळणारा ब्लाउजपीस इतका विरळ की त्याचा ब्लाउज शिवला तर वर दुसरा ब्लाउज घालावा लागेल. तरीही आमच्या नेरुळच्या एका खोलीच्या घरात पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती आणि ती या तीन वस्तूंनी काठोकाठ भरलेली होती.

ट्रंकेचा सगळा कारभार आईकडे. कुणाच्या लग्नात काय आलं, ते पुढे कुणाच्या लग्नात द्यायचं, हे तिला तोंडपाठ असायचं. तरी एकदा घोटाळा झालाच. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात आईने एका बाईंना त्यांनीच दिलेला पोपटी पीस परत दिला. त्यांनी तो तिथल्या तिथे ओळखला, कारण कोपऱ्याला त्यांच्याच घरच्या उंदराने कुरतडलेलं होतं. त्यावरून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद होतं. उंदराने खाल्लेल्या कापडावरून वर्षभर अबोला धरणारी माणसं माझी आहेत, या विचाराने मी तेव्हापासून वैतागलेली होते.

म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा मी बाबांना सांगितलं, "टॉवेल, टोपी, पीस काही द्यायचं नाही. त्या खर्चाचे पैसे बालवाडीला देऊ."

ही बालवाडी तुर्भ्याला होती. बेलापूरच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागण्याआधी दोन वर्षं मी तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम केलं होतं. ऑफिसच्या खिडकीतून खाली कामगारांची वस्ती दिसायची, आणि वस्तीच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड. बाहेर ट्रकांची रांग, धूळ, हॉर्न आणि आत चाळीस मुलं एका सुरात पाढे म्हणत असायची. जेवणाच्या सुट्टीत मी उत्सुकतेपोटी एकदा गेले, मग जात राहिले, कचेरीत लागल्यावरही अधूनमधून. बालवाडी चालवणाऱ्या बाई उरणकडच्या कोकणी मुसलमान घरातल्या, निवृत्त शिक्षिका. डोक्यावरून पदर घेतलेला, हातात पट्टी, आणि ती पट्टी मुलांपेक्षा आमच्यासारख्या मदतनिसांवरच जास्त उगारलेली. "ग अक्षर असं काढतात? पोरांना चुकीचं शिकवशील," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं.

बाबांना माझं म्हणणं लगेच पटलं. ते कारखान्यात फिटर होते आणि सभांना जाणारे होते. म्हणाले, "आपण एवढ्या रूढी सोडल्या. पांढऱ्या साडीत लग्न करतो, भटजी नाही, मुहूर्त नाही. मग हा टॉवेल कशाला ठेवला आपण? बरोबर बोलते पोरगी."

आई काही बोलली नाही. भाकरी थापत राहिली. आई भांडली की मला बरं वाटायचं, कारण भांडण संपतं. तिचं गप्प राहणं संपत नसे.

नवरामुलगा वाशीला एका कंपनीत इलेक्ट्रिक सुपरवायझर होता, घरचे परभणीकडचे. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बघू." या माणसाकडे तेव्हा सगळ्याच प्रश्नांना हे एकच उत्तर होतं. बघू म्हणून तो घरी गेला, आणि आठवड्याने त्याची आई स्वतः आली.

"विचार लई चांगला आहे," त्या म्हणाल्या. "मला पटला. फक्त आमच्याकडची दहा-बारा माणसं परभणीहून येणार, इतक्या लांबून. त्यांना मोकळ्या हातानं कसं पाठवायचं? त्यांचं तेवढं बघा."

पुढच्या महिन्याभरात हेच वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की मला ते झोपेत ऐकू येऊ लागलं. गावकरी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "फार छान. बाकीच्यांना नको, पण मंडळाच्या कमिटीला टोपी लागेल." मामा म्हणाले, "समाजासमोर आदर्श आहे हा. माझ्या व्याह्यांचं तेवढं बघ." शेजारच्या काकू म्हणाल्या, "मला स्वतःला नको गं, पण माझी सासू ऐकणारी नाही." तत्त्व सगळ्यांना मान्य होतं. प्रत्येकाला फक्त आपली माणसं त्यातून वगळून हवी होती. शेवटी ज्यांना काही द्यायचं नाही असे पाहुणे उरले दोन, एक मी आणि एक बाबा.

"कुणालाच नाही," मी ठणकावून सांगितलं. "एकाला दिलं की संपलं."

मग आल्या पत्रिका. पत्रिकेवर तळाला ही गोष्ट छापायची होती, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. पनवेलच्या छापखानेवाल्याने सांगितलं, "तळाला एकच ओळ बसेल बघा, जास्त नको." मी टायपिस्ट. साहेबांची दोन पानी पत्रं अर्ध्या पानात बसवायची मला सवय होती आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. मी कागद घेतला, क्रियापद काढून टाकलं, आणि लिहिलं: "मानपान व आहेराऐवजी तुर्भे येथील बालवाडीस देणगी."

सुटसुटीत. मला ती ओळ फार आवडली. बाबांनी वाचली, त्यांनाही आवडली. पाचशे पत्रिका छापून आल्या, वाटल्या गेल्या, आणि चौथ्या दिवशी मुंबईहून आत्याचा निरोप आला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लालबागकडच्या चाळीत राहायची, एका हॉस्पिटलात आया होती. वयाच्या पंचविशीत नवरा गेला, मूल नाही. बाबांना तिनेच मुंबईला आणलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं. आमच्या घरात तिचा शब्द म्हणजे शब्द. निरोप घेऊन आलेला चुलतभाऊ खाली मान घालून म्हणाला, "आत्या बोलली, लग्नाला बोलवायचं नि वर वर्गणी मागायची? आमी काय लग्नात पावती फाडून घ्यायला यायचं? असं बोलली."

मला आधी काही कळेना. मग मी पत्रिका उघडून ती ओळ पुन्हा वाचली. देणगी कोण देणार, ते त्यात कुठेच नव्हतं. आम्ही देणार की पाहुण्यांनी द्यायची? ज्याला जसं वाचायचं तसं वाचता येत होतं. आणि जवळजवळ सगळ्यांनी दुसऱ्याच बाजूने वाचलं होतं.

त्यानंतर मी आणि बाबा सुट्टीच्या दिवशी घरोघर खुलासा करत हिंडलो. काही घरी लोक म्हणाले, "अरे, आम्हाला वाटलं वर्गणी." काही घरी म्हणाले, "असू दे, आता तुम्ही मागितलीच आहे तर देतो." या दुसऱ्यांना समजावणं जास्त कठीण होतं. लालबागला आम्ही गेलो तेव्हा आत्या ड्युटीवर होती, किंवा तसं आम्हाला सांगण्यात आलं.

लग्न मे महिन्यात, नेरुळच्या मोकळ्या मैदानावर मांडव घालून. सारसोळ्याच्या बाजूने खाडीचा वारा यायचा म्हणून मांडवात जीव राहत होता, एवढंच. त्रिसरण, पंचशील झालं, हार घातले, टाळ्या वाजल्या. मी पांढरी साडी नेसून स्टेजवर उभी राहिले. लोक शुभेच्छा द्यायला रांगेने येऊ लागले.

रांगेत पहिली टोपी दिसली ती मंडळाच्या अध्यक्षांच्या डोक्यावर. पांढरी, कडक, घडीच्या रेघा अजून तशाच. मला वाटलं, लग्नासाठी नवीन घेतली असेल. मग मामाचे व्याही आले, तशीच टोपी. मग परभणीचे एक काका, तशीच टोपी, कानावर आलेली. चौथी टोपी दिसली तेव्हा मी स्टेजवरून मान वळवून पाहिलं. मांडवाच्या मागे कनात लावून स्वयंपाकाच्या सामानाची खोली केली होती. तिथे माणसं एकेक करून आत जात होती आणि टोपी घालून बाहेर येत होती. ज्याचं त्याला वाटत होतं की आपलं गुपचूप झालं. पण टोपी डोक्यावर घालून गुपचूप कसं राहायचं, ते त्यांच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी हार सांभाळत स्टेजच्या मागून खाली उतरले आणि खोलीत शिरले. आई ट्रंक उघडून बसली होती. घरची तीच ट्रंक, वर नव्याने आणलेले दोन गठ्ठे.

"आई, हे काय?"

"तू बाहेर जा. नवरीनं गप उभं ऱ्हायचं असतं."

"आपलं ठरलं होतं ना?"

"तुझं ठरलं होतं," आई म्हणाली, आणि मान वर न करता पुढच्या माणसाला टॉवेल दिला. "मला या लोकांत ऱ्हायचंय. तू उद्या जाशील तुझ्या घरी."

मी तिथे मोठ्याने बोलले असते, पण तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. बाहेर बसलेल्या लोकांनी टोप्या पाहिल्या. त्यांना कळलं की काहींना मिळतंय आणि काहींना नाही. एका कोपऱ्यातून कुजबुज सुरू झाली, मग माणसं उठून खोलीच्या दिशेने येऊ लागली. आईकडे मानाच्या माणसांपुरतंच सामान होतं. ते संपलं. ज्यांना मिळालं नाही ते आता खरोखर चिडले. कुणालाच दिलं नसतं तर ते चिडले नसते, हे मी महिनाभर सांगत होते. पण त्या क्षणी हे सांगायला ऐकणारा माणूस हवा ना.

आणि आत्या. आत्या आली होती. पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन, ताठ बसली होती. आईने तिच्यासाठी वेगळा काढून ठेवलेला निळा पीस त्या गर्दीत कुणीतरी उचलून नेला. आत्याने अर्धा तास वाट पाहिली. मग ती उठली आणि न जेवता मांडवाबाहेर चालू लागली. बाबा मागे धावले. तिने त्यांचा हात झिडकारला आणि भर उन्हात हायवेच्या दिशेने निघून गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं. ते मान वळवून पंगतीकडे गेले.

संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर स्टेजच्या कडेला एक ढीग आढळला. खुलासा न पोहोचलेल्या पाहुण्यांनी बालवाडीसाठी आणलेल्या देणग्या. मी उघडून पाहिलं. सत्तावीस टोप्या, टॉवेल, ब्लाउजपीस, एक बंद पडलेलं घड्याळ, मागच्या वर्षीची कॅलेंडरं. प्रत्येकाने आपापल्या घरची ट्रंक रिकामी करून घेतली होती. मी खुर्चीवर बसले आणि टोप्या पुन्हा एकदा मोजल्या.

"बघू," नवरा म्हणाला.

"आता काय बघायचं राहिलंय?" मी ओरडले. लग्नानंतरचं माझं त्याच्याशी हे पहिलं बोलणं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं तुर्भ्याला गेलो. देणगी रोख द्यायची नाही, वस्तू द्यायच्या, असं मी आधीच ठरवलं होतं, आणि एका सुताराकडून मुलांसाठी दहा बुटके बाक करून घेतले होते. रंगवलेले, हिरवे. ते टेम्पोतून उतरवले आणि सोबत ती सगळी गाठोडी. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एक बाक पाहिला, दुसरा पाहिला, मग मागे वळून शेडकडे पाहिलं.

"हे कुठे ठेवू?" त्या म्हणाल्या.

"आत. मुलांना बसायला."

"अगं पोरी, चाळीस पोरं खाली बसतात म्हणून मावतात. दहा बाक ठेवले की पोरं बाहेर काढावी लागतील. ट्रकखाली बसवू का त्यांना?"

एवढी वर्षं मी त्या शेडमध्ये जात होते. दाराशी चपला काढायलाही जागा नसायची, ते मला पक्कं माहीत होतं. पण बालवाडी म्हणजे बाक, असं डोक्यात बसलं होतं.

"तुम्हाला काय हवं होतं, बाई?"

"आता विचारतेस?" त्यांनी पट्टीने कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे एक मडकं होतं, तोंडाशी फुटलेलं. "टँकर येतो दोन दिवसांनी. पाणी साठवायला पिंप हवं होतं. झाकणाचं, तोटीचं. पोरं उन्हात तहानेने रडतात आणि मी त्यांना बे एके बे म्हणायला लावते. लग्नाआधी महिनाभर इकडे फिरकली नाहीस. एकदा येऊन विचारलं असतंस तर?"

मी महिनाभर खुलासे करत हिंडत होते, हे सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गाठोडी आत नेऊन ठेवली.

सुताराने बाक परत घ्यायला साफ नकार दिला. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला दहा हिरव्या बाकांच्या मध्ये उभी राहिले, डोक्यावर ऊन, बाजूने ट्रक, आणि मला जगातल्या प्रत्येक माणसाचा राग येत होता, स्वतःचा सगळ्यात जास्त. माझा नवरा मात्र समोरच्या चहाच्या टपरीवर गेला. मला वाटलं, चहा प्यायला गेला. अर्ध्या तासाने टपरीवाल्यासोबत परत आला. टपरीवर येणारे ट्रकवाले उभ्याने चहा पीत. त्यांना बसायला बाक हवेच होते, फक्त आमचे बुटके होते. नवऱ्याने त्याला पटवलं होतं की बुटक्या बाकावर माणूस जास्त वेळ बसतो आणि दुसरा चहा मागतो. बाक टपरीवर गेले. त्या पैशांत आम्ही वाशीला जाऊन तोटीचं पिंप आणलं, दोन पेले आणि झाकणाला साखळी. हे सगळं करताना तो एकदाही बघू म्हणाला नाही.

टोप्या आणि टॉवेलांचं बाईंनी काय केलं ते विचारायचं मी धाडस केलं नाही.

राहिली आत्या. सहा महिने ती आली नाही. बाबा तिच्याकडे गेले की दार उघडायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. आईने मला सांगून सांगून भंडावलं, "जा, पीस दे तिला, पाया पड." मी जाणार नाही म्हणून हट्ट धरला. माझं काय चुकलं होतं? एक ओळ चुकली, मान्य. पण सहा महिने अबोला, एका पिसासाठी?

शेवटी एका रविवारी मी गेले. चांगला पीस घेऊन गेले, दाट, गडद जांभळा. आत्या स्टोव्हवर चहा ठेवत होती. मी पीस पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"हा कशाला आणलास?"

"तुला पायजे होता ना?"

"माझ्याकडे असे तीस पडलेत. शिवत नाही मी." ती स्टोव्हकडेच बघत होती. "तुला म्हायत नाही ते सांगते. मी विधवा झाले तेव्हा आपल्यात सगळं नवीन होतं, सोडलं होतं जुनं, पण लोकांचे हात सुटले नव्हते. लग्नाकार्यात बायकांना पीस वाटायचे, माझ्याजवळ आले की वाटणारी पुढच्या बाईकडे जायची. कुणी काय बोलत नसे. फकस्त पुढे जायची. तुझ्या बापाचं लग्न झालं, तेव्हा तुझी आई नवी नवरी. तिनं पयला पीस माझ्या हातात दिला. सगळ्यांसमोर. तेव्हापासून तुझ्या घरचं कार्य म्हणजे मला पयला. मग तुझं लग्न आलं, नि मी अर्धा तास बसले, नि सगळ्या टोप्या माझ्यासमोरून गेल्या."

चहा उतू गेला. तिने स्टोव्ह बंद केला. मी उभीच होते. आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं.

"मग मला सांगायचंस ना, आत्या."

"तुला सांगायला तू थांबतेस कुठं?" ती म्हणाली आणि कप पुढे केला. "बस. उभ्यानं चाय पिऊ नको."

मला अजूनही वाटतं की ते टॉवेल आणि त्या टोप्या देणं मूर्खपणा आहे. त्यात मी तसूभरही मागे हटलेले नाही. पण त्या दिवशी आत्याच्या खोलीत बसून मला हे मोठ्याने म्हणता आलं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

महिन्याभराने आत्या नेरुळला आली, मीही तेव्हा माहेरी होते. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "ती तुझी बालवाडी दाखव. एवढं महाभारत झालं तिच्यापायी." मी तिला घेऊन तुर्भ्याला गेले. बाईंनी आम्हाला पाहिलं, मी ओळख करून दिली. आत्याने सगळ्यात आधी पिंपाचं झाकण उघडून आत पाहिलं.

"हे धुता का रोज?" तिने विचारलं. हॉस्पिटलातली आया ती.

"दर टँकरला," बाई म्हणाल्या.

"तोटी खालून पण घासा. तिथं शेवाळ धरतं, पोरांना जुलाब होतील."

मला वाटलं, आता बाई पट्टी उगारणार. पण बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. माझ्या ध्यानात आलं नव्हतं." आणि दोघी खाली बसून तोटी खोलायला लागल्या. मग एका मुलीच्या डोक्यातल्या फोडांवरून बोलणं निघालं, मग पावसाळ्यात शेड गळते त्यावरून, मग माझ्यावरून.

"कुणाला विचारत नाही ती," बाई म्हणाल्या.

"लहानपणापासून," आत्या म्हणाली.

मी बाहेर येऊन बसस्टॉपवर उभी राहिले. नेरुळची बस आली, मी आत्याला हाक मारली, ती म्हणाली, "आले, आले." बस गेली. अर्ध्या तासाने दुसरी आली, तीही गेली. ट्रकांची धूळ खात मी उन्हात उभी होते, आणि आत त्या दोघी पिंपाला टेकून पोरांच्या औषधांची यादी करत बसल्या होत्या.